कानसेनचे कान

आमच्या रस्त्याच्या टोकाला, टायरवाल्याच्या पलीकडे, सायलेन्सरचं एक गॅरेज आहे. इंजिनापासून मागच्या बंपरपर्यंत जाणारा धुराचा पाइप, त्याचे जोड, त्याला टांगून धरणारी रबरं, एवढ्यातच तिथलं काम आटोपतं. मालकाला सगळे कानसेन म्हणतात, आणि हे नाव त्याने कमावलेलं होतं. गाडी फाटकातून आत वळते न वळते तोच, हातातलं काम न सोडता, तो सांगायचा की मागचं रबर तुटलंय, किंवा पुढचा जोड फुंकतोय. गाडी वर उचलली की नेमकं तेच निघायचं. काही लोक तर गंमत दाखवायला मित्रांना सोबत घेऊन यायचे.

या माणसाने जन्मभर पत्र्यावर ग्राइंडर चालवला आणि कानात कधी कापसाचा बोळा घातला नाही. त्याचं व्हायचं ते झालं. आधी बारीक आवाज गेले. किटलीची शिट्टी, फोनची घंटी, पत्र्याची किणकिण. जाड आवाज शाबूत होते, म्हणून त्याला वाटायचं आपले कान ठणठणीत आहेत, हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात.

गॅरेजच्या वरच्या खोलीत त्याची बायको शिवणकाम करते. तिने जिन्यातून विचारावं, "चहा टाकू का?" आणि खालून उत्तर यावं, "उद्या सकाळी नेईल म्हणाला." ती हसून चहा टाकायची. पुढे पुढे हसू कमी झालं. एकदा तिने डॉक्टरांकडे जाण्याचा विषय काढला, तेव्हा हा इतका चिडला की दोन्ही जेवणं मुकाट्याने झाली.

अशात शाळेची व्हॅन चालवणाऱ्या ताई आल्या. व्हॅन स्वतःची, पोरं गल्लीतली, आणि बाई शब्दाला पक्की. गाडीखालून सारखी खडखड येते, असं त्यांचं म्हणणं. कानसेनने एक चक्कर मारली. त्याला काही ऐकू आलं नाही, पण तसं कबूल कसं करायचं? पाइपावर उष्णता अडवायला एक पत्र्याचं झाकण असतं, त्याचा पट्टा बहुतेक वेळा सैल होतो. त्याने अंदाजाने तो आवळला आणि गाडी देऊन टाकली.

काही दिवसांनी ताई पुन्हा हजर. आवाज तसाच आहे, शिवाय चढावर गाडी ओढत नाही, जीव गेल्यासारखी होते, असं त्या सांगत होत्या. कानसेनने पट्टा हलवून बघितला. पट्टा घट्ट होता. मग तो चारचौघांत म्हणाला, "ताई, आवाज गाडीत नाही, तुमच्या मनात आहे."

ताई व्हॅन सुरू करून निघाल्या. जिन्यात उभ्या असलेल्या बायकोला ती खडखड फाटकापर्यंत स्पष्ट ऐकू आली. ती खाली आली, पण गिऱ्हाइकांसमोर नवऱ्याचा पाणउतारा नको म्हणून गप्प राहिली. त्या गप्प राहण्याचं तिला नंतर फार वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात व्हॅन शाळेजवळच्या चढावर बंद पडली. आत मुलं होती. मागून येणाऱ्या ट्रकने वेळेवर ब्रेक मारला म्हणून बरं. ताईंनी मुलांना एकमेकांचे हात धरायला लावून फुटपाथवरून शाळेत पोचवलं आणि मग तिथेच कठड्यावर बसून राहिल्या. टायरवाल्याने ही बातमी आणली तेव्हा कानसेनने हातातलं काम तसंच टाकलं. हातोडी उचलून तो निघाला. बायको न सांगता मागोमाग गेली.

इंजिन गार होतं. तो रस्त्यावर आडवा झाला आणि पाइपाच्या मधल्या फुगीर डब्यावर रबरी हातोडीने ठोकलं. पुन्हा ठोकलं. कान लावला. बायको शेजारी उकिडवी बसली होती. ती म्हणाली, "आत काहीतरी सुटं आहे. माझा बटणांचा डबा हलवला की होतो ना, तसा आवाज येतोय."

त्याने डब्यावर तळहात ठेवला आणि दुसऱ्या हाताने ठोकलं. आत तुकडे सरकत होते. हाताला कळलं, कानाला नाही.

पडल्यापडल्याच त्याने विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"तुमच्या आधीपासून," ती म्हणाली.

त्या डब्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. आत मधाच्या पोळ्यासारखी चिनीमातीची जाळी असते, तिच्यातून जाताना धुरातलं विष निवळतं. व्हॅनची जाळी फुटून तुकडे पुढे अडकले होते. धुराला वाट नाही, मग इंजिन गुदमरणारच. कानसेन उठून ताईंसमोर गेला आणि म्हणाला, "आवाज गाडीतच होता. मला ऐकू येत नाही, आणि ते मी लपवलं." ताईंनी फक्त गाडी गॅरेजला कशी न्यायची ते विचारलं.

पुढचा वाद वेगळाच झाला. ताईंना कोणीतरी सांगितलं होतं की जाळी ठोकून काढायची, रिकामा डबा परत बसवायचा, गाडी पळते. कानसेनने ते काम करायला साफ नकार दिला. रहदारीत थांबल्यावर तो धूर मागच्या पोरांच्याच नाकात जाणार, हे त्याने सांगितल्यावर ताईंनीही तो विषय सोडला. बाजारात एक स्वस्त डबाही होता, कुठल्याही गाडीला कापून जोडता येणारा. त्याने तो आणून ताईंच्या हातात दिला आणि दुसऱ्या हातात त्याच इंजिनासाठी बनवलेला दिला. पहिला हलका लागला. सगळेच हलके डबे वाईट नसतात, पण याच्या जाळीवर धूर निवळवणाऱ्या धातूंचा लेप नावापुरताच आहे, आणि स्टिअरिंगसमोरचा, इंजिनातला बिघाड दाखवणारा दिवा महिन्याभरात पेटेल, असं त्याचं मत पडलं. दुसरा महाग होता, पण त्याच्यावर या इंजिनाचा आणि धुराच्या सरकारी नियमाचा क्रमांक होता, धूर तपासणाऱ्या सेन्सरचं भोक जागच्या जागी होतं आणि वेल्डिंगची गरज नव्हती. ताईंनी तोच घेतला.

मात्र बसवण्याआधी त्याने व्हॅन इंजिनवाल्याकडे पाठवली. जाळी उगाच फुटत नाही. एक स्पार्क प्लग नीट ठिणगी देत नव्हता आणि न जळलेलं पेट्रोल डब्यात जाऊन तिथे जळत होतं. ते तसंच राहिलं असतं तर नव्या डब्याचीही तीच गत झाली असती. मजुरी त्याने घेतली नाही. ताईंनी आग्रह केला, तेव्हा तो हात पुसत आत निघून गेला.

त्यानंतर तो डॉक्टरांकडे गेला, बायकोला घेऊन. कानात घालायचं यंत्र मिळालं. गॅरेजमध्ये ते लावलं की ग्राइंडर थेट डोक्यात शिरतो, म्हणून तिथे काढून ठेवतो आणि बोळे घालतो. वर घरी लावतो. टायरवाला आपल्याबद्दल काय काय बोलत असतो ते त्याला तेव्हाच कळलं, आणि दोघांची चांगलीच जुंपली.

आता खडखडीची गाडी आली की तो जिन्याकडे तोंड करून हाक मारतो. ती गळ्यातली टेप न काढता खाली येते. तिची भाषा तिच्या घरातली आणि कामातली. कात्री टेबलावर पडल्यासारखं म्हणजे पत्र्याचं झाकण. ओली गादी आपटल्यासारखं म्हणजे रबर. पहिले काही दिवस गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघून हसायची. निदान बरोबर निघायला लागल्यावर हसणं थांबलं.

परवा मी माझी गाडी घेऊन गेलो होतो. तिने ऐकून सांगितलं, झाकण. त्याने पाइपावर हात ठेवला, मला गाडी मागेपुढे घ्यायला लावली आणि म्हणाला, रबर. दोघंही मागे हटायला तयार नव्हते. गाडी वर उचलली. झाकणाचा पट्टा गंजून तुटला होता आणि त्याच्या हातभर मागे रबरही अर्धं चिरलं होतं. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि कोणाचा तरी फ्रॉक अर्धा राहिलाय म्हणत वर निघून गेली. तो मान खाली घालून पाना शोधत राहिला, पण मला दिसलं, तो हसत होता.