डिजिटलवरची म्हैस

माकणीच्या श्रीमंतरावांची एकुलती एक नात समृद्धी वर्षाची होणार होती. मग काय विचारता! एरवी लग्नकार्याला गाव सोडायचं म्हटलं तरी ज्याची कंबर धरते, तो हा माणूस स्वतः उमरग्याला जाऊन दहा फुटी डिजिटल छापून घेऊन आला. गावात फ्लेक्सच्या फलकाला डिजिटलच म्हणतात.

सकाळी ते पारापाशी दोन खांबांच्या मधे ताणलं. मधोमध समृद्धी, तिच्या डोक्यावर छापणाऱ्यानं बसवलेला सोनेरी मुकुट. खाली, माणसाच्या छातीच्या उंचीवर, अकरा शुभेच्छुक. सरपंच, डेअरीचे चेअरमन, दोस्त पंचाक्षरी, असे करत शेवटी फेटेवाले खुद्द श्रीमंतराव. त्यांचा चांगला फोटो एकच, जनावरांच्या प्रदर्शनात पहिल्या आलेल्या म्हशीसोबतचा. छापणाऱ्यानं तिलाही राहू दिलं होतं.

पंचाक्षरीनं चष्मा पुसून सगळं डिजिटल वाचलं. मग गालात हसत म्हणाला, "श्रीमंता, म्हस झकास आलीय. पन वैनी कुठं हायती?"

श्रीमंतरावांनी अकराही तोंडं पुन्हा एकदा बोटानं मोजली. बायकोच, नागूबाईच, राहिल्या होत्या! वर्षभर जिनं नातीला रोज तेल लावून न्हाऊ घातलं, तीच.

ते लगबगीनं घरी आले. संध्याकाळी साठ-सत्तर माणूस जेवायला, आणि चूल थंड. नागूबाई बाजेवर बसून निवांत सुपारी कातरत होत्या.

"सैपाकाचं कसं?"

"डिजिटलवर अकरा मानसं हायती न्हवं? करतील की."

"अगं, तुजा फोटूच न्हवता. कुनी मोबाईल धरला की तोंडावर पदर घेतीस."

"मागितलाव का कवा? म्हशीला धुऊन-पुसून, शिंगाला रंग देऊन फोटू काढलाव." अडकित्ता कडकन वाजला. "म्या संध्याकाळी शेताकडं जाते. लेकराला ववाळायला म्हस बलवा."

सुनेनं, मोनिकानं, तोंडाला पदर लावला. हसू लपवायला की कशाला, ते तिचं तिला ठाऊक. मग हळूच म्हणाली, "मामा, आत्याबाई सकाळधरनं जेवल्या बी न्हाईत."

आता मात्र श्रीमंतराव हादरले. थट्टा एकवेळ चालली असती. पण पहिल्या वाढदिवसाला नातीला ओवाळायला आजीच नाही? त्यांनी उमरग्याला फोन लावला. "नवं उद्या मिळेल," उत्तर आलं. वाढदिवस आज होता.

त्यांनी वळचणीचा विळा काढला आणि पाराकडे निघाले.

"आरं, डोस्कं फिरलं का तुजं?" पंचाक्षरी ओरडेपर्यंत श्रीमंतरावांनी स्वतःचा चेहरा फेट्यासकट कापून काढलासुद्धा. म्हशीशेजारी परातीएवढं भोक पडलं.

कापलेला तुकडा त्यांनी घरी आणून नागूबाईंपुढे धरला. "घे. पापड वाळवाय व्हईल. तितं जागा मोकळी केलीय. चल."

नागूबाईंनी नवऱ्याचं छापील तोंड उलटंपालटं करून पाहिलं. ओठ हलले, पण हसू बाहेर येऊ दिलं नाही. "म्हशीशेजारी व्हय?"

"म्या चार वर्सं हुबा हाय तिच्यासंगं. तिची काय बी तक्रार न्हाय."

नागूबाई उठल्या. रस्ताभर पुटपुटत होत्या, पण चालत होत्या. डिजिटलच्या मागे गेल्या आणि भोकातून तोंड बाहेर काढलं. पदर घ्यायला हात वर गेला खरा, पण मधे फ्लेक्स! हात मागेच राहिला.

समृद्धी आपला तो मुकुटवाला अवतार बघून सकाळपासून भोकाड पसरत होती. मागोमाग आलेल्या मोनिकानं तिला पुढे आणली. पोरीला ओळखीचं तोंड दिसलं, ते हललं, बोबडं बोललं. रडणं जागच्या जागी थांबलं आणि तिनं दोन्ही हात भोकाकडे टाकले. मोनिकानं तेवढ्यात फोटो टिपला. नागूबाई त्यात दातांच्या फटीसकट हसताहेत.

पारावर एकच हशा पिकला. पंचाक्षरीचा आवाज सगळ्यांत मोठा.

"भावजी, हसताव काय?" भोकातूनच हुकूम सुटला. "हात धुवा. डिजिटलवरल्या समद्यांनी पुऱ्या लाटायला या. न्हायतर म्या हितनं हालत न्हाय!"

आले सगळे. संध्याकाळी नागूबाईंनी नातीला ओवाळलं, आणि पंगत बसली तेव्हा शिरा-पुरीत काही कमी नव्हतं. एवढंच, की चेअरमनच्या पुऱ्या चौकोनी होत्या आणि सरपंचाची एकही फुगली नाही. हे नागूबाई अजून सगळ्यांना सांगतात, सरपंच समोर असले तर जरा मोठ्यानं.