पाठीवरचा नानांचा धागा

सोळा वर्षांच्या संसारात सासूबाईंनी मला एकदाही 'छान' म्हटलं नाही.

पुरणपोळ्या केल्या, प्रमोशन मिळवलं, त्यांना नात दिली. "बरं" हा त्यांचा सगळ्यात वरचा ग्रेड. बहुतेक वेळा नुसतं "हं".

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. आणि सकाळपासून मला तेच "हं" ऐकावंसं वाटतंय.

मी त्यांना आई म्हणायचे. कोथरूडला आम्ही एकत्रच राहायचो. माझं ऑफिस हिंजवडीला, आणि तिथला एसी असा की भर मे महिन्यात मी ओढणी गुंडाळून बसते. एकदा कंपनीच्या बसमधून उतरून घरात शिरले ती शिंकतच.

"तुमच्या ऑफिसात माणसं ठेवतात की आइस्क्रीम?" आईंनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून नानांचा राखाडी स्वेटर काढला.

नाना म्हणजे माझे सासरे. ते गेल्यावर आईंनी त्यांचे सगळे कपडे देऊन टाकले होते, हा एक सोडून. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत त्यांनीच विणलेला. तो घालून नाना त्यांना स्कूटरवर मागे बसवून खडकवासल्याला न्यायचे.

"अहो आई, हा तर नानांचा..."

"मला माहितीये कुणाचा आहे. विणलाय मी."

आणि बसल्या की उसवायला.

उसवलेली लोकर वळ्यावळ्यांची निघते. ती धुवायची, लडीला खाली वजन म्हणून ओला टॉवेल अडकवायचा आणि सरळ व्हायला बाल्कनीत टांगायची. समोरच्या काकूंनी विचारलं, "शेवया का हो?"

"हो. संध्याकाळी खीर आहे, या," आई म्हणाल्या.

लोकर झिजून पार बारीक झाली होती. आईंना तर माझ्यासाठी जाळीचं कार्डिगन करायचं होतं. मग आम्ही लक्ष्मी रोडला जाऊन एक नवीन मोतिया रंगाची, अगदी पातळ लोकर आणली. दोन्ही धागे एकत्र धरायचे आणि एकाच सुईवर विणायचे. दोन धागे, पण टाका एकच.

"जुनी लोकर एकटी टिकत नाही. सोबत लागते," आई म्हणाल्या.

मला वाटलं, काहीतरी गहन बोलतायत. मी हळूच त्यांच्या हातावर हात ठेवला.

"काय झालं? टाका सुटेल ना," त्या म्हणाल्या. त्या लोकरीबद्दलच बोलत होत्या.

तेव्हा त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं. पेपर वाचता येत नव्हता. विणायला डोळे लागत नाहीत, हे त्यांचं म्हणणं. जाळीत एक वेढा घ्यायचा, मग दोन टाके एकत्र, पुन्हा वेढा. हे सगळं टीव्हीवरच्या मालिकेतल्या सुनांना नावं ठेवत चालायचं. नानांचा धागा मधेच तुटायचा. तो जोडायचा आणि पुढे जायचं.

पाठीचा भाग पूर्ण झाला त्या दिवशी त्यांनी तो मांडीवर पसरून त्यावरून हात फिरवला. हात एका जागी थांबला.

"इथं टाक्यातला एकच धागा उचलला गेलाय," त्या म्हणाल्या. "नव्याचा. ह्यांचा सुटलाय."

आईंना मी नाना गेले तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही त्या रडल्या नाहीत. फक्त सुई बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "उसवते."

चूक पार खाली होती. एवढं सगळं उसवलं असतं तर नानांच्या धाग्याचे तुकडे झाले असते, पुन्हा विणण्याजोगा उरलाच नसता. ते त्यांना माझ्याहून जास्त कळत होतं. पण चूक ठेवायची नाही, हा त्यांचा जन्माचा नियम. माझ्या पोळीचा कडेचा जाड भागही त्यांनी कधी बोलल्याशिवाय सोडला नाही.

"नका उसवू, आई. मी असंच घालीन."

"लोक बघतील."

"आमच्या ऑफिसात जाळी कुणाला कळतेय?"

त्यांनी पुन्हा एकदा त्या जागेवरून बोट फिरवलं.

मग म्हणाल्या, "तुला चालेल?"

मला चालेल का, हे त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं. मी मान हलवली, मग त्यांना नीट दिसत नाही हे आठवून मोठ्यांदा म्हणाले, "चालेल."

त्यांनी सुटलेला धागा मागून एका बारीक टाक्याने अडकवून ठेवला. पुढे बाह्या झाल्या, बटणं लागली. मी घालून दाखवलं. "खांद्यात बरं बसलंय. धुताना पिळू नकोस. सावलीत आडवं वाळव."

त्यानंतरच्या हिवाळ्याच्या शेवटी आई गेल्या.

आज ऑफिसात शेजारच्या डेस्कवरची नवीन मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमच्या पाठीवर एक धागा निघालाय. कापू?" कात्री हातात तयार.

मी एवढ्या जोरात "नको" म्हणाले की मीटिंग रूममधली माणसं वळून बघायला लागली.

"सॉरी मॅडम. मला वाटलं नुसता धागा आहे."

"आमच्या सासऱ्यांचा आहे," मी म्हणाले. तिने कात्री ड्रॉवरमध्ये ठेवून दिली, बिचारी.

घरी आल्यावर बाल्कनीत आईंच्या खुर्चीत बसले. सुई-दोरा घेऊन त्या धाग्याला मागून एक टाका घातला. वाकडाच आला. नवऱ्याला दाखवला. त्याने कार्डिगन उजेडात धरलं, उलटं केलं, त्या टाक्यावरून बोट फिरवलं.

"हं," तो म्हणाला.

अगदी तस्सं.

मग मात्र मला रडू आवरलं नाही.

आई, नमस्कार करते.
कार्डिगन पिळत नाही. सावलीत आडवंच वाळवते.