उषाबाईच्या नावाचा पत्रा

साकोलीच्या बसस्टँडसमोर, सायकलच्या दुकानाला लागून एक खोलीभर दुकान होतं आणि त्यावर पाटी होती, 'हिरालाल रेडिओ सर्व्हिस'. त्या पाटीइतकं धडधडीत खोटं अख्ख्या तालुक्यात दुसरं काही नसेल. १९७४ सालापासून हिरालालने त्या दुकानात एक तारसुद्धा झाळली नव्हती. त्याचे डोळे अधू झाले आणि दोन वर्षांत पार गेले. झाळायची ती त्याची बायको, उषाबाई. हिरालाल खुर्चीवर बसून रेडिओ कानाशी धरायचा, त्याची खरखर ऐकून दुखणं कुठं आहे ते सांगायचा, आणि उषाबाई खाली सतरंजीवर मांडी घालून ते दुखणं उपटून काढायची. पुढे पुढे तर तिला त्याच्या कानांचीही गरज उरली नाही.

पण गिऱ्हाईक यायचं ते हिरालालशी बोलायचं. रेडिओ उषाबाईच्या हातात द्यायचं, परत तिच्याच हातातून घ्यायचं, बटण फिरवून गाणं लागलं की खुर्चीकडे बघून म्हणायचं, "वा हिरालालभाऊ, हात आहे बाप्पा तुमचा!" उषाबाईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. ज्याचा हात तीन वर्षांत पक्कडीला लागला नाही, त्याचा हात! एकदा ती नवऱ्याला म्हणाली, "पाटीवर माह्यं नाव टाका ना." हिरालाल स्वभावाने गरीब, पण त्या दिवशी तो पटकन बोलून गेला, "बाईच्या नावाच्या दुकानात लोक रेडिओ देतीन का?" ते वाक्य उषाबाईने गिळलं, पण ते पचलं मात्र कधीच नाही. लोक तिला रागीट म्हणायचे. रागीट नसती तर आश्चर्य होतं.

त्या धंद्यातली एक गोष्ट तिला मनापासून आवडायची. कोणत्याही कंपनीचा सेल कोणत्याही रेडिओत बसायचा. एका रेडिओतला ट्रान्झिस्टर काढून दुसऱ्यात लावता यायचा. टेपरेकॉर्डर आले तेव्हाही तेच, कॅसेट भंडाऱ्यात घ्या नाहीतर साकोलीत, कुठल्याही टेपमध्ये वाजणारच. वस्तू बिघडायच्या त्या ओलीने, उंदराने, नाहीतर विजेच्या झटक्याने. त्यात कुणाचं पाप नसायचं.

मग १९८७ साली टीव्हीवर खेळायचे खेळ आले. टीव्हीला एक पेटी जोडायची, तिच्या खाचेत जाडजूड कॅसेट खुपसायची, की पडद्यावर माणसं उड्या मारू लागायची. विकणाऱ्या कंपन्या दोन, 'तुफान' आणि 'सिकंदर', आणि दोघी एकमेकींच्या जिवावर उठलेल्या. एकीने पेटी स्वस्त केली की दुसरी आणखी स्वस्त करायची. पेटी गळ्यात मारायची आणि मग जन्मभर कॅसेटी महागात विकायच्या, हा दोघींचाही कावा. लोकांना वेड लावलेला मोटारींच्या शर्यतीचा खेळ फक्त तुफानकडे होता. सिकंदरवाल्याला तो हवा असेल तर त्याने नवी पेटी घ्यावी, नाहीतर बसावं तोंड बघत.

त्या पावसाळ्यात तुफानचा एजंट नागपूरहून आला. नाव भोजराज, पायात चकचकीत बूट, तोंडात साखर. साकोलीला कंपनीचं दुरुस्ती केंद्र उघडायचं होतं. अर्धा तास तो हिरालालशी बोलला. शेवटी हिरालालच म्हणाला, "मले काय सांगून राहिले, तिले सांगा. काम ते करते."

उषाबाईने मान वर केली. "बोर्ड देता का कंपनीचा?"

"देतो ना वहिनी! पत्र्याचा, निळा."

"त्याच्यावर नाव माह्यं पाहिजे. यांचं नाई, माह्यं."

भोजराज हसला. "तुमचंच टाकतो. फक्त या कागदावर सही करा. सिकंदरच्या मशीनले हात लावायचा नाई, एवढंच."

उषाबाईने सही केली. तेरा वर्षं वाट बघितलेल्या बाईला त्या वेळी कुठलाही कागद पुढे केला असता तरी तिने सही केली असती, आणि भोजराजने ते बरोबर हेरलं होतं.

बोर्ड आला. वर हातभर 'तुफान', खाली 'अधिकृत दुरुस्ती केंद्र', आणि त्याखाली, लहान अक्षरांत का होईना, 'उषाबाई हिरालाल'. जुनी पाटी उतरली. रोज सकाळी दुकान उघडलं की ती आधी पदराने आपलं नाव पुसायची. हायवेवरून ट्रक जायचे, धूळ बसायची, दुपारी पुन्हा पुसायची. लोक आता "उषाबाई, पाहा जरा" म्हणू लागले. चार महिने तिच्या अंगावर जणू मूठभर मांस चढलं होतं.

दिवाळी झाली आणि गावोगाव मंडईचे, म्हणजे जत्रेचे दिवस आले. सानगडीच्या मंडईच्या आदल्या सकाळी टेकचंद दुकानात शिरला. तो तिच्या माहेरचा, सानगडीचा, नात्यात भाऊ लागणारा. धानाची शेती करायचा आणि मंडईत फुग्यांवर बंदूक मारायचं दुकान लावायचा. यंदा त्याने बंदूक बाजूला ठेवून टीव्हीचा खेळ आणला होता. पेटी स्वस्त मिळाली म्हणून सिकंदरची घेतली, आणि शर्यतीची कॅसेट हवी म्हणून तुफानची घेतली. टेपची कॅसेट कुठल्याही टेपात जाते, मग ही का जाणार नाही, असा त्याचा साधा हिशेब. तो चुकला असं म्हणायलाही जीभ धजत नाही, कारण शहाण्या माणसाने तोच हिशेब केला असता.

"बाई, हे घुसूनच नाई राहिली खाचेत," तो घायकुतीला येऊन म्हणाला. "अन् म्या तं गावभर भोंगा फिरवला, का उद्या मंडईत मोटारीची शर्यत आहे म्हणून. आता लोक जोड्यानं मारतीन मले."

उषाबाईने पेटी बघितली. सिकंदर. "माह्यानं नाई होत, टेकचंद."

"काहून?"

"कागद आहे. सही केली म्या. दुसऱ्याच्या मशीनले हात लावला तं बोर्ड नेतीन ते."

टेकचंदने वाद घातला नाही. पेटी गमछ्यात बांधली, बाहेर पडला आणि वर बघून म्हणाला, "बोर्ड चांगला आहे, बाई." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिने परतवला असता. पण तो मनापासून बोलला आणि उषाबाईला स्वतःचीच चीड आली. आपल्या हातातलं काम, समोर आपला भाऊ, आणि हात लावायचा की नाही हे नागपूरचा बूटवाला ठरवणार?

"टेकचंद!" ती ओरडली, "आन इकडे ते पेटी."

तिने पेचकस घेतला आणि सिकंदर उघडली. आत सगळे भाग झाळलेली हिरवी पट्टी होती. ती बघता बघता उषाबाईचे हात थांबले. मग तिने कपाटातून दुरुस्तीला आलेली तुफानची पेटी काढली, तीही उघडली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. तोच हिरवा रंग, तेच भाग त्याच जागी, कोपऱ्यात तीच परदेशी अक्षरं आणि तोच आकडा. तिला वाटलं आपल्यालाच भास होतोय. तिने दोन्ही पट्ट्या हिरालालच्या मांडीवर ठेवल्या.

त्याने बोटांनी चाचपलं, एकेका भागाचे पाय मोजले, एकदा, दोनदा. "एकच आहे," तो म्हणाला. "एकाच कारखान्यातली आहे."

"मंग कॅसेट काहून नाई बसत?"

ते तिलाच सापडलं. सिकंदरच्या खाचेच्या तोंडाशी प्लास्टिकच्या दोन खुंट्या होत्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या. सिकंदरच्या कॅसेटला त्यांच्यापुरत्या दोन खोबणी होत्या, तुफानच्या कॅसेटला नव्हत्या. बस्स, एवढंच. त्या खुंट्या तारेला जोडलेल्या नव्हत्या, कशाला आधार देत नव्हत्या, दुसरी कॅसेट आत जाऊ द्यायची नाही एवढ्यासाठी उभ्या होत्या.

उषाबाईचा जो भडका उडाला, तो सायकलवाल्यानेही बाहेर येऊन ऐकला. "म्हंजे मुद्दाम! उंदरानं खाल्लं तं समजू शकते मी, वीज पडली तं समजू शकते. पन हे बसून, इचार करून, बिघाड बनवला मेल्यानं! अन् वरून मलेच सांगते, हात नको लावू!" तिने पक्कड घेतली. कट्. कट्. दोन्ही खुंट्या सतरंजीवर पडल्या. तुफानची कॅसेट सिकंदरमध्ये लोण्यासारखी आत गेली, आणि दुकानातल्या टीव्हीवर मोटारी धावू लागल्या.

सानगडीच्या मंडईत दंडारीच्या नाचगाण्यापेक्षा जास्त गर्दी टेकचंदच्या तंबूपुढे झाली. झालं, बातमी फुटली. भंडाऱ्याजवळच्या शहापूरपासूनचे लोक सिकंदरच्या पेट्या घेऊन येऊ लागले. उषाबाई कुणाला नाही म्हणेना. तोडलेल्या खुंट्या ती तंबाखूच्या रिकाम्या डबीत टाकायची. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. पुरावा म्हणून असेल, नाहीतर राग विझू नये म्हणून असेल.

महिनाभरात भोजराज दोन माणसं घेऊन आला. तोंडातली साखर संपली होती. "वहिनी, कागद मोडला तुमी."

"तुमचीच कॅसेट चालवून दिली ना? तुमचाच माल खपला!"

"कॅसेट खपून काय होते? मशीनबी आमचीच पाहिजे. तिकडची मशीन घरात राहिली तं उद्या गिऱ्हाईक तिकडच्याच कॅसेटी घेईन."

"अन् आतमंदी दोनी एकच आहे, हे सांगता का गिऱ्हाइकाले?"

भोजराजने बोर्डाकडे बोट केलं. त्याच्या माणसांनी स्टुलावर चढून बोर्डाचे खिळे उपसले. उषाबाई खाली उभी राहून बघत होती. बोर्ड पार खाली आला तेव्हा ती म्हणाली, "कंपनीचं नाव घेऊन जा. माह्यं नाव तेवढं कापून ठेव इथं." दोघं माणसं हसली. तिने हे थट्टेने म्हटलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते कुणाला दिसलं याचाही तिला संताप आला. जुनी पाटी पुन्हा वर चढवायला मात्र तिने साफ नकार दिला. वर्षभर दुकानाचं कपाळ कोरंच राहिलं.

पुढच्या मंडईच्या हंगामात तोच भोजराज पुन्हा दारात उभा. बूट नवे, तोंडात साखर नवी, काखेत लाल पत्रा. "वहिनी, आता मी सिकंदरमंदी आहो."

दुकानात टेकचंदसह सात-आठ मंडईवाले बसले होते, सगळे पेटलेले. तुफानने नवी पेटी काढली होती, आणि तिच्यात तुफानच्याच जुन्या कॅसेटी जात नव्हत्या. परक्याला अडवून झालं, आता कंपनीने आपल्याच गिऱ्हाइकाच्या नरड्याला हात घातला होता.

"तुफान बेइमान निघाली," भोजराज म्हणाला. "आमचा बोर्ड घ्या. पाहा, तुमचं नाव आधीच टाकून आनलं." आणि खिशातून कागद काढला. उषाबाईने वाचला. शब्द न् शब्द तोच होता. जिथे सिकंदरला हात लावायचा नाही असं होतं, तिथे आता तुफान लिहिलं होतं.

तिने लाल बोर्ड त्याच्या हातातून घेतला. मग तंबाखूची डबी उघडून त्याच्या पुढ्यात उपडी केली. शंभराच्या वर खुंट्या घरंगळल्या. "हे तुमच्या सिकंदरचं सामान. मोजून ने. बोर्ड राहू दे, टीन चांगली आहे."

"बोर्ड कंपनीचा आहे, वहिनी! सही..."

"तुह्या कागदाची बत्ती करून ठेव."

भोजराजने आजूबाजूला पाहिलं. टेकचंद उठून उभा राहिला होता, बाकीचेही उठत होते. समोर नागपूरची बस लागली होती. तो बसकडे गेला, जवळजवळ पळतच.

उषाबाईने बोर्ड उलटा केला. मागची बाजू कोरी होती. दरवाजा रंगवून उरलेला काळा ऑईलपेंट तिने काढला आणि झाळकामाच्या पक्क्या हाताने, पण लिहायची सवय नसलेल्या बोटांनी, वाकडी मोठी अक्षरं काढली: 'उषाबाई. सगळ्या कंपन्यांचं काम होते.'

"काय लिवलं?" खुर्चीतून हिरालालने विचारलं.

तिने वाचून दाखवलं. "अन् माह्यं नाव?"

"तुमचं होतं ना तेरा वर्ष," उषाबाई म्हणाली. "माह्या कामावर."

हिरालाल उठला, चाचपडत दारापर्यंत आला आणि तिने मांडलेलं स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं. उषाबाई वर चढली आणि पहिला खिळा ठोकला, लागतो त्यापेक्षा बराच जोरात.