बाबांनी सांगितलेलं आक्रा

जानेवारी २०२१ मध्ये नवऱ्याला ताप आला आणि त्याने वरच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलं. खाली मी, माझी दहा वर्षांची मुलगी आणि माझे बाबा. बाबा मुंबई बंदरात पायलट होते, बाहेरून आलेली जहाजं धक्क्याला लावायचे. आमच्याकडे परदेशात, ओंगारला, ते काही महिन्यांसाठी आले आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकले.

शाळा बंद होत्या. मुलीला मध्ययुगातल्या एका शहरावर लिहायचं होतं. बाबांनी आक्रा सुचवलं.

"भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरचं बंदर. तिकडचा माल तिथून युरोपात जायचा. व्हेनिस आणि जिनोआ, दोघांच्याही वखारी तिथे, पेठाही लागून. मधल्या एका मठावरून भांडण पेटलं आणि शेजारी शेजाऱ्याच्या घरांवर यंत्रांनी दगड फेकायला लागले."

"अँड द पीपल वेअर इनसाइड?" मुलीने विचारलं.

"होती की. जाणार कुठे? मागे तट, पुढे समुद्र."

ती जिन्याकडे बघायला लागली. वर नवरा खोकत होता. आता पुरे, असं मी म्हणणार, तोच बाबांना खोकला आला आणि थांबेना.

"ठसका लागला," ते म्हणाले. तो ठसका नव्हता, हे मला कळलं होतं.

पुढे त्यांना एक वाक्यही सलग बोलता येईना. एका दुपारी ओठ निळसर दिसले, तशी मी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. नखशिखांत झाकलेली दोन माणसं आली. त्यातला एक मला म्हणाला, "ही'ल बी ग्रँड." इथे पावसालाही ग्रँड, म्हणजे छान, म्हणतात, त्यामुळे मी जास्तच घाबरले. मला सोबत जाऊ दिलं नाही. बाबांनी दारातून नातीला हात केला. तिने केला नाही, माझा स्वेटर घट्ट धरून उभी राहिली.

त्यानंतर फोन वाजला की मी धावत जायचे. एकदा बाबांचाच आला. मुलीने तो हिसकावून घेतला. "आजोबा, सो हू वन द फाइट?"

"व्हेनिसवाल्यांनी... बंदराचं तोंड अडवणारी साखळी तोडली. जहाजं जाळली. पुढच्या वर्षी जिनोआवाले हरले... टायर नावाच्या दुसऱ्या बंदरात गेले."

"सो व्हेनिस वन."

"जिंकले. पण शहर मोडून पडलं होतं. एका पिढीत इजिप्तच्या सुलतानाने घेतलं... दोघांच्याही हातून गेलं."

मागे कुठलंसं यंत्र वाजायला लागलं. नर्सचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

"आई, आजोबा घरी येतील ना?" मुलीने चक्क मराठीत विचारलं. मी तिला जवळ घेतलं आणि फोन पुन्हा वाजायची वाट बघत बसले.

बाबा फेब्रुवारीत आले, सदरा खांद्यावरून घसरेल इतके वाळून. तोवर नवरा बरा झाला होता, त्यानेच त्यांना धरून आत आणलं. पण माझी भीती गेली नाही. रोज सकाळी मी त्यांच्या दारात उभी राहून पांघरूण हलतंय का ते बघायचे, मगच हाक मारायचे.

एकदा ते डोळे न उघडता म्हणाले, "आहे गं मी. चहा आण."