दुखत नव्हतं म्हणून

सकाळी अंगणवाडीत मी पोरांना दात कसे घासायचे ते शिकवायची आणि संध्याकाळी घरी येऊन आईसाठी मशेरी भाजायची. या दोन कामांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे कितीतरी वर्षं माझ्या डोक्यातच आलं नाही. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मशेरी भाजायला फार अक्कल लागत नाही. लोखंडी तव्यावर तंबाखूची पानं टाकायची, काळी होईपर्यंत परतायची आणि गार झाली की हाताने चुरून डबीत भरायची. घरात असा ठसका उठतो की शेजारीही खोकायला लागतात. आईला तो धूर सोसायचा नाही, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. भाजणी जमली का ते बघायला चिमूटभर मशेरी खालच्या ओठात धरावी लागते. कच्ची राहिली तर डोकं गरगरतं. मी मशेरी लावत नाही, हे मात्र मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगायची. मी नुसती बघते. भात शिजला का हे बघणारी काय जेवली म्हणायची?

आईला ही सवय काजूच्या कारखान्यात लागली. बिया फोडून फोडून टरफलाच्या तेलाने तिच्या बोटांची कातडी निघायची. चहाच्या सुट्टीत सगळ्या बायका पडवीत बसायच्या आणि एकीची डबी सगळ्यांत फिरायची. आईची दाढ तेव्हा ठणकत होती. कुणीतरी सांगितलं, मशेरी लाव, बधिर होईल. झाली बधिर. मग दाढ गेली आणि मशेरी राहिली.

ती दाढ तेव्हा कुणाला दाखवली असती तर, असं आता म्हणणं सोपं आहे. दाखवायची कुणाला? शहरातल्या दातांच्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे दोन एसट्या, दिवसाची मजुरी बुडणार आणि तो म्हणणार, तीनदा यावं लागेल. जवळच्या सरकारी दवाखान्यात दातांची खुर्ची होती, मी स्वतः पाहिली आहे. तिच्यावर चादर घातलेली आणि चादरीवर कापसाचे खोके ठेवलेले. डॉक्टरची जागा भरलेली नाही, असं नर्स म्हणाली. आमच्या गुरांना लाळ्याची लस द्यायला माणूस गोठ्यापर्यंत येतो. गाय लाळ गाळायला लागली तर तिचं तोंड उघडून जीभ बघतो. आईचं तोंड साठ वर्षांत एकदाही कुणी उघडून बघितलं नव्हतं. दुखलं की उपटायचं, नाही दुखलं की विसरायचं, एवढीच आमच्याकडे दातांची विद्या.

अशा गावात एकदा दातांचं शिबिर आलं. शहरातल्या कॉलेजातले डॉक्टर गाडी घेऊन शाळेत येणार, सगळं फुकट. घरोघर सांगायचं आणि नंबराच्या चिठ्ठ्या वाटायच्या, हे काम अंगणवाडीची बाई म्हणून माझ्याकडे आलं. चिठ्ठ्या होत्या चाळीस आणि गाव केवढं तरी. मी माझ्या हुशारीने एक नियम काढला. दारात उभी राहून विचारायची, "दुखता काय?" दुखतंय म्हणाले की चिठ्ठी, नाही म्हणाले की पुढचं घर. या नियमाचा मला केवढा अभिमान होता!

आईने मात्र आधीच सांगून ठेवलं होतं. "माका पण एक चिठ्ठी दी गो. गालाच्या आत पांढरा पांढरा लागता जिभेक. खरखरीत."

"दुखता?"

"दुखना नाय."

तरी मी तिला चिठ्ठी दिली. आईच ती. शिबिराच्या दिवशी ती ठेवणीतली साडी नेसून, वेणीत अबोली माळून शाळेच्या व्हरांड्यात येऊन बसली होती. डॉक्टर तोंडात बघणार म्हणून घरून चार वेळा चूळ भरून आली होती. तिचा नंबर बारावा.

आठ-नऊ माणसं झाली असतील, तोच आमची शेजारीण गाल धरून आली. गाल टम्म सुजलेला, डोळ्यांतून पाणी. चिठ्ठ्या संपल्या होत्या. व्हरांड्यातली सगळी माणसं एकदा तिच्याकडे बघत होती, एकदा माझ्याकडे आणि एकदा माझ्या आईकडे. आमच्याकडे गावजेवण असलं की ज्याच्या घरी कार्य त्याच्या घरची माणसं शेवटच्या पंगतीला बसतात. आधी जेवली तर वर्षभर ऐकावं लागतं. माझ्या मनात तेच आलं. म्हणतील, बाईने आपल्या आवशीला पुढे बसवली, तीही काही दुखत नसताना.

मी आईजवळ गेले आणि हात पुढे केला. "आये, चिठ्ठी दी. तुझा काय दुखना नाय. पुढच्या टायमाक बघूया."

तिने चिठ्ठी लगेच दिली. घडी घालून कमरेला खोचली होती, ती काढून माझ्या हातावर ठेवली. "दी तिका. बिचारी रडता." मग चप्पल पायात सरकवून ती घरी निघून गेली. सुटल्यासारखं वाटलं मला. चारजणांत मान राहिला म्हणून बरंही वाटलं. शेजारणीची दाढ काढली, आज ती चांगली कडक भाकरी चावून खाते. तिचा मला राग नाही. राग कुणाचा असेल तर त्या पुढे केलेल्या हाताचा आहे.

पुढचं शिबिर पुढच्या वर्षी येईल असं मी धरून चालले होते. ते आलं नाही.

आधी आईला तिखट सोसेना. मग बांगड्याचं तिखलं तिने ताटात बाजूला सारलं. माशाचं डोकं चोखून चोखून पांढरं करणारी बाई ती. मला वाटलं, म्हातारपणाचे चोचले. चिडून बोललेही. "तुका रोज वेगळा काय रांधू?" ती पेज घेऊन बसली. मग जांभई देताना गाल धरायला लागली. मग एक दिवस म्हणाली, "आता दुखता गो." आणि मी काय केलं असेल? तव्यावर मशेरी टाकली. बधिर होईल म्हणून. जरा जास्तच कडक भाजली.

गोव्याच्या मोठ्या इस्पितळात नेली तेव्हा तिच्या तोंडात जेमतेम दोन बोटं जात होती. तिथल्या डॉक्टरने बॅटरी लावून बघितलं आणि मला बाहेर बोलावलं. विचारलं, "आधी कुठे दाखवलं नव्हतं का? हे आधी पांढरं असतं. तेव्हा आला असता तर एवढं कापावं लागलं नसतं." मी म्हटलं, दुखत नव्हतं. तो म्हणाला, "तेव्हा ते दुखत नाहीच." हे त्याने सहज सांगितलं. पाणी उकळायला ठेवलं की उकळतं, असं सांगावं तसं. मी त्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून खाली बसले. घराघराच्या दारात उभी राहून मी नेमका तोच प्रश्न विचारला होता.

आईच्या जबड्याचा एक तुकडा काढला. ती वाचली, म्हणजे आहे. तोंड एक बोटभर उघडतं. पेज मी मिक्सरमधून काढून लहान चमच्याने भरवते, निम्मी हनुवटीवरून ओघळते. बोलते ते फक्त मला कळतं. बाहेर जाताना पदर असा तोंडाशी धरते की नुसते डोळे दिसतात. आणि एवढं होऊन त्या चिठ्ठीबद्दल तिने मला एक शब्दही लावलेला नाही. एकदा तरी शिव्या घालाव्यात, असं मला फार वाटतं.

तिला भरवता भरवता एक दिवस माझी जीभ सहज खालच्या ओठामागे गेली. खरखरीत लागलं. आरशासमोर जाऊन ओठ उलटा केला. नखाएवढा पांढरा डाग, बरोबर तिथेच, जिथे इतकी वर्षं चिमूट धरून मी नुसती बघत होते. मी कुणाला सांगितलं नाही. भीती होतीच. पण खरं सांगायचं तर एक समाधानही होतं. मनात म्हटलं, होऊदे. फिटूदे तिचं माझं एकदाचं. गोव्याच्या खेपांत मी स्वतःला सहज दाखवू शकले असते, आणि मी तोंड मिटून बसून राहिले.

आईने ते कसं ओळखलं, मला ठाऊक नाही. तिने मला आरशासमोर ओठ उलटताना पाहिलं असेल. यंदा शिबिर पुन्हा येणार असं कळलं आणि चिठ्ठ्यांचं पुडकं माझ्या हातात आलं, तेव्हा ती पलंगावरून उठली. पुडक्यातली वरची चिठ्ठी काढून तिने माझ्या हातात दिली आणि माझ्या ओठावर बोट ठेवलं.

"लोक काय म्हणतले, आये?"

तिने तोंडावरचा पदर काढला. त्या चेहऱ्यासमोर माझे सगळे लोक गप्प झाले.

या वेळी घरोघर जाऊन मी दुखतंय का हे विचारलंच नाही. मशेरी कोण लावतं ते विचारलं. "माका काय दुखना नाय, कित्याक येव?" असं एकजण म्हणाली तेव्हा मी तिच्या अंगणात उभी राहून अशी ओरडले की तिची कोंबडी पळाली. ती आली मात्र. शाळेच्या व्हरांड्यात पहिला नंबर माझा होता. "बाईन आपलोच नंबर पयलो काढल्यान," असं मागून ऐकू आलं. आई बाकावर बसली होती, पदर धरून.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. ओठ उलटून त्यांनी बराच वेळ बघितलं, बोट फिरवलं.

"दुखतंय का?"

"नाही," मी म्हटलं.

"छान. अगदी वेळेवर आलात, ताई. अजून काही झालेलं नाही. तंबाखू आजपासून बंद, मग हे बहुतेक आपोआप जाईल. तीन महिन्यांनी मात्र परत दाखवा."

"कुठे दाखवू?" मी विचारलं. त्यांनी एकदा गाडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि कागदावर काहीतरी लिहायला लागल्या. सरकारी दवाखान्यातल्या त्या खुर्चीवरची चादर अजून तशीच आहे, हे त्यांनाही ठाऊक असणार.

मी बाकाकडे बघितलं. वेळेवर आलात, हे आईने ऐकलं होतं. तिच्या बाराव्या नंबरावर तिला जे ऐकायला मिळालं असतं, तेच ते शब्द. मला वाटलं, आता तरी ती रडेल. ती उठून माझ्याजवळ आली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि त्या एक बोटभर तोंडातून, सगळ्यांना कळेल इतकं सावकाश म्हणाली,

"बरा झाला गो."