मामीच्या चष्म्यातली पाचर

शुभांगीमामीचा उजवा डोळा गेलाय आणि डावा राहील की नाही, ते कुणी छातीठोकपणे सांगत नाही. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर ललितमामाची गोष्ट ऐकताना लोक हसत बसतात, आणि शेवटी माझ्याकडे असं बघतात की जणू मीच त्यांना फसवलं.

मामाची नक्कल सोपी आहे. प्रत्येक वाक्याआधी नाकातून एक छोटा श्वास, मग "हं, तर", आणि मग अर्धं वाक्य. उरलेलं वाक्य तो हाताने पुरं करतो. "हं, तर खांदा ढिला. दात नको. हनुवटी... हनुवटी... बास." एवढं म्हटलं की आमच्या घरात कुणीही ओळखतं.

तो सायखेड्याचा. तिथे आमच्या आजोळच्या शेतात झेंडू आणि शेवंती असायची. मामाला फुलं तोडायचा कंटाळा, फुलांचे फोटो काढायची हौस. खंडेरावआजोबा बांधावरून ओरडायचे, "आरं ती फुलं हायेत, पाव्हणी नायत. उभं काय ऱ्हायला त्यांच्यापुढं?" बारावीनंतर तो देवळाली कॅम्पात एका फोटो स्टुडिओत लागला आणि बरीच वर्षं तिथेच राहिला. जवान यायचे. कुणाला पासपोर्टचा फोटो हवा, कुणाला घरी पाठवायला बायकोबरोबरचा. मामा दोन बोटांनी समोरच्याची हनुवटी धरून चेहरा सरळ करायचा. अगदी सुभेदारसाहेबांचासुद्धा. त्याचं म्हणणं, माणूस आपला चेहरा वाकडाच धरतो, ज्याचा त्याला पत्ता नसतो. पुढे सगळ्यांच्या खिशात कॅमेरा आला आणि स्टुडिओ बंद झाला. आता तिथे मोमो मिळतात.

मामी पंचवटीत घराच्या ओट्यावर बसून हार ओवते. एका टोपलीत पिवळा झेंडू, एका टोपलीत केशरी, मांडीवर दोरा. हात चालू आणि तोंडही चालू. "गोड लागतंय का गं फुकटचं?" हे गाईला. "अहो ताई, हार न्या, देव काय तुमच्या पिशवीकडं बघत नाय." हे गिऱ्हाइकाला. दोन्ही एकाच आवाजात. त्यामुळे कधी गाय थांबायची, कधी गिऱ्हाईक जायचं.

मग पूजामॅडम आल्या. कुठल्याशा कंपनीला यंत्रांना माणसासारखं काम करायला शिकवायचंय, त्यासाठी काम करणाऱ्या हातांचे व्हिडिओ हवेत, आणि ते काम करणाऱ्याच्या डोळ्यांतून दिसतात तसे हवेत. म्हणून चष्मा. बिननंबरी काचा, आणि उजव्या कोपऱ्यावर काडेपेटीच्या निम्म्याएवढी डबी, तो कॅमेरा. हार ओवणाऱ्या, भाजी निवडणाऱ्या, पोळ्या लाटणाऱ्या बायका चष्मे घालून बसणार. आणि मामा त्या कॅमेऱ्यांचे नेम धरणार. त्याच्या फोनवर त्या डबीला दिसतं ते दिसायचं, मधोमध एक हिरवा चौकोन. दोन्ही हात मनगटापर्यंत चौकोनात आले पाहिजेत.

पहिल्याच दिवशी मामाने सवयीने एका बाईच्या हनुवटीला दोन बोटं लावली. पूजामॅडम धावल्या. "ललितजी, नो नो नो. लेडीजची मान नाही हलवायची. पोझ नकोय आपल्याला, नॅचरल पाहिजे, क्लायंटचं तेच तर म्हणणंय. माणूस जसा बसेल तसा बसेल, तुम्ही कॅमेरा ॲडजस्ट करा ना, प्लीज."

"हं, तर माणसाला हात नाही..." मामा म्हणाला, आणि उरलेलं हाताने.

तेव्हापासून तो माणसाला सोडून चष्मा सरळ करायला लागला. नाकाजवळचं रबर चेप, काडी वाकव, स्क्रू पिळ. तरी जमलं नाही तर डबी आणि फ्रेम यांच्यामध्ये पाचर घाल, की डबीचं तोंड हवं तिकडे वळतं. सगळ्या बायकांचे चष्मे एकदा बसले की बसले. मामीचा मात्र बसेना. तिचे हात चौकोनाच्या डावीकडे सरकायचे. मामाने पुठ्ठ्याची पाचर घातली, कॅमेरा जरा डावीकडे वळवला, हात मधोमध आले. काही आठवड्यांनी पुन्हा सरकले. मग जुन्या स्लिपरच्या रबराची पाचर. मग त्याहून जाड.

"तुझ्या वाट्याला फ्रेमच वाकडी आलीये," तो म्हणायचा.

"नवराबी असाच आला," मामी म्हणायची. "त्याला कुठं पाचर बसली?"

रोज सकाळी ओट्यावर हे चालायचं. मामा तिच्यासमोर उकिडवा, तोंडात छोटा पेचकस, तिच्या डोळ्यांपासून वीतभर लांब. बघायचा तो फोनकडे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे हार ओवायला त्यांच्याकडे होतो. दुपारी हात दुखायला लागले तशी आई म्हणाली, "तेजू, कर की काहीतरी." मी आधी पूजामॅडम केल्या. मग मामा केला. मग मामी म्हणाली, "आता मला कर, मी काय घोडं मारलंय?" मी मांडी घालून बसले, तोंड जरासं उजवीकडे वळवलं, हनुवटी किंचित वर, शेजारणीच्या कुकरची शिट्टी मोजत बसल्यासारखी, आणि हात पुढे करून ओवायला लागले. मामी एवढी हसली की तिच्या मांडीवरची फुलं सांडली.

"थांब, हिला चष्माच घालू," म्हणत मामाने मामीचा चष्मा माझ्या नाकावर चढवला आणि फोन काढला. माझे हात बरोब्बर चौकोनात. "बघा, हिला फिट," तो हसत म्हणाला. मग मी नक्कल सोडली आणि सरळ बसले.

हात चौकोनातून उजवीकडे निसटले.

"परत कर," मामा म्हणाला.

"काय?"

"मामी कर."

मी केली. हात मधोमध आले.

"सरळ बस."

निसटले. मामाचं हसू ओसरलं होतं, पण बाकीचे अजून हसतच होते. त्याने माझ्या नाकावरून चष्मा काढून जमिनीवर ठेवला, उठून मामीजवळ गेला आणि दोन बोटांनी तिची हनुवटी सरळ केली. बोटं काढल्याबरोबर तिचं तोंड उजवीकडे वळलं. त्याने पुन्हा सरळ केली. पुन्हा वळलं.

"काय करून ऱ्हायले, पोरं बघताहेत," मामी म्हणाली.

त्याने तळहाताने तिचा डावा डोळा झाकला आणि दुसऱ्या हाताने एक झेंडू उजव्या डोळ्यासमोर धरला. "माझ्या हातात काय आहे?"

"फूल असंल. दुसरं काय हाय इथं?"

"कुठल्या रंगाचं?"

मामी हाताने फूल चाचपायला लागली.

"त्या बाजूला धुरकट दिसतंय लय दिवस," ती मग म्हणाली. "मला वाटलं त्या डबीनंच झाकतंय. चष्मा काढल्यावरबी वाटायचं, पण म्हटलं डोळ्याला सवय लागली असंल. म्हणून मान वळवून घ्यायची. मला फुलं दिसायला पायजेत ना."

"आणि मी तुझी फ्रेम वाकडी म्हणत होतो."

"हं," मामी म्हणाली, अगदी त्याच्यासारखं.

डोळ्यांच्या दवाखान्यात मीही गेले होते. डॉक्टरीणबाई फार हळू बोलायच्या. काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस सुकत जाते, दुखत खुपत नाही म्हणून कळत नाही. उजव्यातलं गेलं ते गेलं. डाव्यातही कडेने सुरू झालंय. थेंब टाकून जेवढं टिकेल तेवढं टिकवायचं.

"आणखी लवकर आलो असतो तर?" मामाने विचारलं. त्या दिवशी एवढंच वाक्य त्याने पुरं केलं.

"तर जास्त राहिलं असतं," बाई म्हणाल्या. "मान वळवून बघायला त्या कधी लागल्या?"

मामाने अंगठा आणि तर्जनी जवळ धरली, मग थोडी लांब केली, मग आणखी थोडी. ती पाचरीची जाडी होती. बाईंना काही कळलं नाही.

पूजामॅडम सफरचंदं घेऊन आल्या. "शुभांगीताई, तुम्ही फुल रेस्ट घ्या, काऽही टेन्शन नका घेऊ," असं म्हणाल्या आणि चष्मा परत घेऊन गेल्या. त्यांची नक्कल मी त्यानंतर केलेली नाही, कारण जाताना त्या जिन्यात रडल्या आणि ते रडणं काही नॅचरल नव्हतं असं म्हणता येणार नाही.

मामाने काम सोडलं नाही. फक्त आता तो प्रत्येक बाईचा एकेक डोळा झाकून समोर बोट धरतो, मगच स्क्रूला हात लावतो. बायका कंटाळतात. "दादा, मला दिसतंय हो, चष्मा बसवा की लवकर." तो पुन्हा विचारतो. ऑफिसातून फोन येतात की एवढा वेळ का लागतो. "हं, तर लागतो," तो सांगतो.

घरी तो मामीच्या डोळ्यात थेंब टाकतो. ज्या हाताने त्याने इतके नेम धरले, त्याच हातातून थेंब गालावर पडतो. मामी त्याचं मनगट धरून हात आपल्या डोळ्यावर आणते. दुसऱ्या तपासणीत डाव्या डोळ्याच्या नजरेची कड आणखी आत आली होती. दाब उतरलाय, बघू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मामीने रिक्षात विचारलं, "बघू म्हंजी कोण बघणार?" आणि स्वतःच हसली. मामा बाहेर बघत राहिला.

मागच्या रविवारी मी दुपारी गेले तर मामी ओट्यावर हार ओवत होती, डोळे मिटून. आधी मला वाटलं, पेंगतेय. पण सुई चालू होती. दोनदा बोटाला टोचली, तिने बोट तोंडात घातलं आणि पुन्हा चालू. मामा दारात उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"कोण हाय?" ती म्हणाली. डोळे उघडले नाहीत.

"मी," मामा म्हणाला. "आणि तेजू."

"जमतंय मला. फूल कळतं, देठ कळतो, पान कळतं." तिने हार चाचपून वर धरला. पिवळी आणि केशरी फुलं कशीही ओवली गेली होती. "रंग तेवढा हाताला लागत नाय. मघाशी दोन्ही टोपल्या एकात एक झाल्या. वेगळं करून देता का? पिवळं डावीकडं ठेवा. आणि रोज तिथंच ठेवा."

डोळे उघड, अजून दिसतंय तुला, असं मामा म्हणेल म्हणून मी वाट पाहिली. तो खाली बसला. टोपली आपल्याकडे ओढली आणि एकेक फूल उचलून पिवळं डावीकडे, केशरी उजवीकडे टाकायला लागला.