ब्रेकवरचा पाय

मी चौथी शिकलो. पण बार्शीटाकळी ते अकोला तीस वर्षं काळीपिवळी चालवली आणि माझ्या चाकाखाली कधी कोंबडीही आली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे लिहिणार आहे त्यात माझ्या अकलेचं काही उरत नाही.

काळीपिवळी विकली, तरी घरची पांढरी गाडी मीच चालवायचो. सुनेला गाडी येते, पण मी असताना तिला स्टेअरिंगला हात लावू दिला नाही. पोरगा पुण्यात नोकरीला. त्यानं गाडी धुवायची प्रेशरची मशीन पाठवली. बंदुकीसारखी, घोडा दाबला की पाण्याची धार. सून शेंदूरजनाघाटची, संत्र्याच्या बागेत फवारणीच्या मशीनजवळ वाढलेली. तिनं मशीनसोबतचं पुस्तक वाचून काढलं.

"मामाजी, गमबूट घालूनच धुवा म्हणते पुस्तकात. अन् ही बारीक धारेची तोटी लावूच नका, चपटी लावा. अंगावर धार लागली तं पाणी चामडीच्या आत शिरते."

"पाणीच हाय न? तेजाब तं नाही?"

"वाचून दाखवू का?"

"तुह्या पुस्तकानं किती वर्स गाडी चालवली?"

ती हसली. गमबूट आणून नळाजवळ ठेवले आणि आत गेली.

तो दसरा होता. दसऱ्याला गाडी म्हणजे देव. काळीपिवळीला त्या दिवशी मी चपलेनं कधी शिवलो नाही, मग हिला बूट घालून कसा शिवू? बूट तिथंच राहिले. मडगार्डच्या आत शेतरस्त्याची काळी माती सिमेंटसारखी बसलेली. चपट्या धारेनं निघेना, म्हणून बारीक तोटी लावली. माती सालासारखी सोलून निघाली. मला मोठी मजा वाटली. मग गाडीतली रबरी पायदानं फरशीवर टाकली. धार लागली की पायदान उडून जाई, म्हणून त्यावर उजवा पाय दाबून धरला.

काटा टोचल्यासारखं झालं. घोडा सोडून पाहिलं, तर अंगठ्याच्या बुडाशी बारीकसं भोक. रक्ताचा थेंब नाही. जन्मभर बाभळीचे काटे काढलेला माणूस मी. त्याचं काय मनावर घेणार? गाडी धुतली, अंगणही धुऊन काढलं, गाडीला हार घातला, टिळा लावला.

दुपारी पाय जड झाला. तीन वाजता चामडी ताणून चकचकीत झाली. तरी सीमोल्लंघनाला गाडी गावाबाहेर काढलीच. सून बाजूला बसलेली. वळणावर बकऱ्या आडव्या आल्या. मी ब्रेक दाबला. दाबला की नाही, तेच कळेना. गाडी पुढंच चाललेली. हातब्रेक ओढला तेव्हा बंपरपासून हातभर अंतरावर एक पिल्लू.

"ओ बुढेबाबा! डोये घरी ठेवून आले का?" बकऱ्यावाला ओरडला.

डोळे शाबूत होते. पाय माझा नव्हता.

"मामाजी, पाय पाहू द्या."

"काटा रुतला."

"कुठं?"

"आंगनात."

"आंगन तं तुमीच सकाळी मशीननं धुतलं."

ती खाली उतरली, माझ्या बाजूचं दार उघडलं. "सरका तिकडं."

अकोल्यापर्यंत ती चालवत होती आणि मी डाव्या सीटवर पाय धरून बसलो होतो. अंगठा निळसर होत चालला होता. प्रत्येक गतिरोधकावर माझ्या तोंडाशी हाय येई आणि मी ती गिळून टाकी.

डॉक्टरनं विचारलं, "काय झालं?"

"काटा."

त्यानं पाय दाबून पाहिला, सूज पाहिली आणि गोळ्या, इंजेक्शन लिहायला घेतलं. घरी जा म्हणणार होता. सून माझ्याकडे पाहत होती. सांगायची वेळ माझी होती, हे तिला कळत होतं. तीस वर्षं ज्या पायावर लोकांनी जीव सोपवले, तो पाय मी माझ्याच हातानं फोडला, तेही तिनं बूट समोर आणून ठेवल्यावर. हे कोणत्या तोंडानं सांगू?

डॉक्टरनं कागद पुढं केला. मी त्याचा हातच धरला.

"साहेब, काटा नाही. मशीनची धार लागली. सकाळी आठ वाजता. अनवाणी होतो. या पोरीनं सांगतलं होतं."

तो खुर्चीतून उठलाच. "आठ वाजता? अन् आता सांगता? आत पाणी, माती सगळं गेलं असंल!"

मग धावपळ. पाय घोट्यापर्यंत चिरून उघडावा लागला. ऑपरेशनला नेताना मी हात जोडून म्हणत होतो, "साहेब, अंगठा घ्या, पंजा ठेवा. पंजा ठेवा, साहेब." दाराशी सून उभी होती. तिच्याकडे माझ्यानं पाहवलं नाही.

पंजा राहिला. अंगठा आणि बाजूचं बोट गेलं.

आता गाडी तीच धुते, गमबूट घालून, चपट्या धारेनं. ती आत गेली की मी काठी टेकत जातो आणि उभ्या गाडीत बसतो. चावी तिच्याकडे असते. ब्रेकवर पाय ठेवतो, डोळे मिटून दाबतो. वाटतं, आज कळेल. नाही कळत. पाय ब्रेकवर आहे की बाजूला, ते वाकून पाहावं लागतं.